न पडलेला दुधाचा सुळा: एका मुलीच्या क्लिपची पूर्ण गोष्ट

मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. आईची तक्रार एकच होती: वरचा एक पटाशीचा दात वाकडा होत चाललाय, फोटोत लगेच दिसतो, तेवढा सरळ करून द्या. क्लिप किती दिवस ठेवावी लागेल आणि दहावीच्या आधी निघेल का, हे वडिलांचे प्रश्न. सोबत आजी होत्या. त्यांची अट होती की पोरीचा दात काढायचा नाही, बाकी काय करायचं ते करा.

तिने तोंड उघडल्यावर मी आधी दात मोजले. ही सवय प्रत्येक आईवडिलांनी लावून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. दात वाकडा असेल तर तो सगळ्यांना दिसतो. आलाच नाही तर त्याची दखल कोणी घेत नाही, आणि खरं नुकसान बऱ्याचदा तिथेच होत असतं.

उजवीकडे वरचा कायमचा सुळा येऊन जवळपास वर्ष झालं होतं. डावीकडे त्याच जागी एक छोटा, टोक झिजलेला, जास्त पांढरा दात होता. तो दुधाचा सुळा, आणि जराही हलत नव्हता. त्याला लागून असलेला पटाशीचा दात तिरका झाला होता. आईला खटकत होता तो हाच. ओठ उचलून हिरडीवरून बोट फिरवलं तर डावीकडे सुळ्याचा फुगवटा लागेना. टाळूच्या बाजूने मात्र हाताला एक उंचवटा जाणवला.

वरचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. एका बाजूचा येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा पत्ता नसेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. या मुलीला तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका तपासणी शिबिरात दाखवलं होतं. तिथे सांगितलं, दुधाचा दात आहे, आपोआप पडेल. आईने विश्वास ठेवला, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती. पण दुधाचा दात पडतो तो खालून येणाऱ्या कायमच्या दातामुळे त्याचं मूळ विरघळत जातं म्हणून. खालचा दात वाट चुकला, तर दुधाचा दात तसाच घट्ट बसून राहतो.

एक्स-रेत काय दिसलं

सगळ्या दातांत वरच्या सुळ्याचा प्रवास सर्वांत लांबचा. तो नाकाच्या तळाजवळ तयार होतो आणि शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला धरून खाली सरकत येतो. कधी कधी ही वाट चुकते आणि तो टाळूकडे वळून हाडातच आडवा होतो. लोकसंख्येत एक ते तीन टक्के लोकांमध्ये वरचा सुळा असा अडकलेला सापडतो, मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त. शेजारचा पटाशीचा दात जन्मतः बारीक असेल किंवा नसेलच, तर ही शक्यता वाढते, आणि ती घराण्यातही चालते.

संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, म्हणजे ओपीजीत, सुळा तिरका पडलेला दिसला. त्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळावर आलं होतं. ओपीजी सपाट चित्र देतो, त्यामुळे सुळा मुळाच्या पुढे आहे की मागे ते त्यावरून ठरत नाही. त्यासाठी एक्स-रेची नळी थोडी बाजूला सरकवून दुसरा फोटो घेतात. धावत्या एसटीच्या खिडकीतून बघताना जवळचं झाड मागे पळतं आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो, तसंच इथे होतं. नळीबरोबर सरकलेला दात लांबचा, म्हणजे टाळूकडचा. आमच्या मुलीचा सुळा नळीबरोबर सरकला.

यानंतर मी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन सांगितला. क्लिप लावणाऱ्या प्रत्येक मुलाला तो लागत नाही आणि उगाच काढूही नये. इथे त्याच्या निकालावर उपचाराची दिशा ठरणार होती. निकाल गंभीर आला. सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाची मध्यरेषा ओलांडून गेलं होतं, आणि त्या मुळाची मागची बाजू थोडी झिजली होती. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि कुरोल या संशोधकांनी २००० साली वाट चुकलेल्या सुळ्यांशेजारचे दात सीटी स्कॅनने तपासले, तेव्हा बाजूच्या पटाशीच्या दातांपैकी ३८ टक्क्यांची मुळं झिजलेली सापडली. साध्या एक्स-रेत यातली पुष्कळ झीज दिसतच नाही. ही झीज दुखत नाही. मुलगी हसत-खेळत असते आणि आत मूळ कमी होत असतं.

पालकांनी इथे थोडं थांबून विचार करावा. आई जो दात सरळ करायला सांगत होती, तोच सगळ्यात जास्त धोक्यात होता. पहिल्याच दिवशी त्याला ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, चिकटवून तार ओवली असती, तर तो बाहेरून सरळ दिसायला लागला असता आणि त्याचं मूळ थेट सुळ्याच्या डोक्यावर ढकललं गेलं असतं. चार महिन्यांत फोटो छान आले असते आणि दात कदाचित हातचा गेला असता. एक्स-रे न काढता क्लिप लावायला तयार असणाऱ्या ठिकाणाहून उठून यावं, असं मी म्हणते ते यामुळे.

घरातली चर्चा

आजींच्या मनातली भीती मला ओळखीची होती. वरचा दात काढला की डोळ्याची नस दुखावते आणि नजर जाते, असं त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. मी त्यांना समोर बसवून एक्स-रे दाखवला. “आजी, दाताच्या संवेदनेची नस वेगळी आणि नजरेची वेगळी. दात काढल्याने दिसणं कमी होत नाही. आणि आपण काढतोय तो दुधाचा दात, तो तसाही जायचाच होता.” आजींनी बराच वेळ एक्स-रेकडे पाहिलं. मग विचारलं, “आणि आतला दात?” तो आपल्याला वाचवायचा आहे म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला.

मार्ग चार होते. काहीच न करणं हा पहिला, पण मूळ झिजत असताना तो मार्ग उरत नाही. दुसरा, फक्त दुधाचा सुळा काढून वाट बघणं. याच दोन स्वीडिश संशोधकांच्या १९८८च्या अभ्यासात दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचे दुधाचे सुळे वेळेत काढल्यावर ७८ टक्के वाट चुकलेले सुळे आपोआप वळणावर आले होते. सुळ्याचं टोक शेजारच्या मुळाच्या मध्यरेषेच्या अलीकडे असेल तर हे यश ९१ टक्के, पलीकडे असेल तर ६४. पण त्या मुलांच्या जबड्यात दातांची गर्दी नव्हती. आमच्या मुलीचं टोक पलीकडे, वय तेरा, जागा अपुरी आणि मूळ झिजायला लागलेलं. वर्षभर वाट बघायला हातात वेळ नव्हता.

तिसरा मार्ग, अडकलेला सुळा शस्त्रक्रियेने काढून टाकणं आणि पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवणं. इम्प्लांट जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय बसवता येत नाही, म्हणजे पाच-सहा वर्षं तात्पुरता दात. चौथा मार्ग, सुळा उघडा करून तारेने ओढत त्याच्या जागी आणणं. वेळ जास्त, मेहनत जास्त, पण स्वतःचा दात राहतो. आम्ही चौथा घेतला. मी धोकेही सांगितले: सुळा हाडाला चिकटलेला असेल तर हलणार नाही, आणि मग तिसऱ्या मार्गाकडे जावं लागेल. वेळ दोन ते अडीच वर्षं. वडिलांना दहावीची काळजी होती, त्यांना मी सरळ सांगितलं की उपचार दहावीच्या वर्षात जाऊ शकतो, पण तेव्हा महिना-दीड महिन्यातून एक फेरी एवढंच काम उरेल.

पुण्यातल्या मावसबहिणीने पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर बसणारे काढता-घालता येणारे साचे, लावले होते, तेच हिला का नाही, असं आईने विचारलं. प्रश्न रास्त होता. साध्या आणि मध्यम वाकडेपणाला अलाइनर चांगलं काम करतात, फक्त दिवसातले २० ते २२ तास तोंडात राहिले पाहिजेत. हाडात आडवा पडलेला दात ओढायला मात्र बाकीचे दात जाड तारेने एकत्र बांधलेले हवेत, म्हणून इथे मी धातूची क्लिपच सुचवली. दाताचं माप घरूनच पाठवा आणि अलाइनर घरपोच घ्या, या प्रकाराबद्दल तर मला कडकच बोलावंसं वाटतं. मापात हाडाच्या आतला दात येत नाही. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही असाच धंदा करणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट लोंबकळत राहिले.

पैशांबद्दल मोकळेपणाने बोलावं. आकडा शहरागणिक आणि दवाखान्यागणिक बदलतो, पण त्या आकड्यात काय काय धरलंय हे कागदावर लिहून घ्यावं: स्कॅन, शस्त्रक्रिया, तुटलेलं ब्रॅकेट पुन्हा लावणं, शेवटचा रिटेनर (क्लिप निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन), आणि तो हरवला तर दुसरा. उपचार करणाऱ्याकडे बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समधली, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेतली, तीन वर्षांची एमडीएस पदवी आहे ना, हे विचारायला संकोच करू नये. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. फेऱ्या जास्त होतात, रांग असते. विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम संपला की रुग्ण पुढच्या विद्यार्थ्याकडे जातो, तेव्हा आपला केसपेपर आणि एक्स-रे जपून ठेवावेत.

क्लिपची सव्वादोन वर्षं

जूनमध्ये वरच्या दातांना ब्रॅकेट चिकटवले. त्या तिरक्या दाताला मुद्दाम लावलं नाही. तो मोकळा ठेवला, म्हणजे सुळा सरकेल तसा त्यालाही बाजूला व्हायला वाव राहील. तो वाकडाच राहणार हे मुलीला आधी सांगून ठेवलं होतं. सगळे दात सरळ व्हायला लागले आणि नेमका तोच तसाच, याचं तिला वाईट वाटायचं. वर्गात मुलं विचारायची. मी तिला स्कॅन पुन्हा दाखवला, आणि त्यानंतर ती स्वतःच मैत्रिणींना समजावून सांगायला लागली.

दात सरकतो कसा, हे समजलं की पालकांचा धीर टिकतो. तारेच्या हलक्या दाबाने एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. ही पेशींची कामं आहेत, त्यांना त्यांचा वेळ लागतो. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवून वेग वाढत नाही, उलट मुळं झिजण्याचा धोका वाढतो. त्यामुळे “डॉक्टर, जरा घट्ट करा, लवकर होईल,” या विनंतीला मी नेहमी नाहीच म्हणते.

तार बदलल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात. त्या दिवसांत मऊ भात, वरण, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. गोळी लागलीच तर वयाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दात सरकवणाऱ्या प्रक्रियेतल्या रसायनांनाच अडवतात, म्हणून त्या रोज घेऊ नयेत. तार गालाला टोचली तर दवाखान्यातून दिलेलं मेण वाटाण्याएवढं घेऊन त्यावर दाबायचं. गाव लांब असेल तर मेणाची डबी दप्तरात हवीच.

स्प्रिंग लावून सुळ्यासाठी जागा झाली, जाड तार बसली, आणि दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया केली. फक्त तेवढी जागा बधिर करून. मुखशल्यचिकित्सकांनी दुधाचा सुळा काढला, टाळूवरची त्वचा उचलली, सुळ्यावरचं पातळ हाड बाजूला केलं. आत सुळ्याचा चकचकीत भाग दिसला. तो कोरडा करून त्यावर एक छोटं बटण चिकटवलं, बटणाला बारीक सोन्याची साखळी, आणि त्वचा परत शिवून साखळीचं टोक बाहेर ठेवलं. तासाभराचं काम. आजी बाहेर बसून होत्या. पोरगी चालत बाहेर आली तेव्हा त्यांनी आधी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

दोन आठवड्यांनी ओढायला सुरुवात केली. जोर अगदी कमी, ५०-६० ग्रॅमच्या आसपास. दिशा मात्र फार महत्त्वाची. सुळा सरळ त्याच्या जागेकडे ओढला असता तर वाटेत शेजारचं मूळ खरवडलं गेलं असतं. म्हणून आधी त्याला मागे आणि टाळूकडे, म्हणजे मुळापासून दूर नेलं. हे काही महिने बाहेरून काहीच घडत नसल्यासारखे वाटतात. वडील एकदा म्हणाले, “पैसे भरतोय आणि दात आणखी लांब जातोय.” त्यांना मी कागदावर काढून दाखवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास टाळूवर सुळ्याचं टोक दिसलं. आईने फोनवरून फोटो पाठवला. त्यानंतरच त्या तिरक्या दाताला ब्रॅकेट लागलं.

मधल्या काळात दोन अडचणी आल्या. जानेवारीत उसाच्या हंगामात ऊस सोलून खाल्ला आणि दोन ब्रॅकेट निघाले. ब्रॅकेट कच्चं चिकटवलंय अशी पालकांची समजूत होते. ते पक्कं चिकटवता येईल, पण मग शेवटी काढताना दाताचं एनॅमल सोबत येईल. म्हणून त्याची पकड मर्यादितच असते. ऊस, चिक्की, फुटाणे, कडक चकली, कणीस दातांनी ओरबाडून खाणं हे बंद. कणसाचे दाणे काढून, पेरू-सफरचंद बारीक चिरून खाता येतात. प्रत्येक तुटीला एक फेरी वाया जाते आणि उपचार तेवढा लांबतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. उपदाढांवर हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेषा दिसायला लागल्या. ही किडीची पहिली पायरी. १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोरलिक यांच्या अभ्यासात क्लिप लावलेल्या निम्म्या रुग्णांच्या किमान एका दातावर असे डाग आढळले होते, आणि ते काही आठवड्यांतही येऊ शकतात. दात सरळ झाले आणि क्लिप काढल्यावर डाग राहिले, तर त्या मुलाचं आपण भलं केलं असं मला म्हणता येणार नाही. तिला आरशासमोर उभं करून ब्रॅकेटच्या वर एकदा, खाली एकदा असं घासायला शिकवलं. तारेखालून छोटा इंटरडेंटल ब्रश, रात्रीचं घासणं न चुकता, आणि १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट. जाता-येता गोड चहा-बिस्कीट बंद केलं. घरात मिश्री लावली जात होती. ती तंबाखूच आहे आणि मुलीच्या हाताला लागता कामा नये, हेही आजींना नीट सांगितलं. रेषा पुसट झाल्या, एका दातावरची राहिली.

तार निघाल्यावर

दहावीच्या दिवाळीच्या आधी क्लिप निघाली. सुळा रांगेत आला. झिजलेलं मूळ शेवटच्या एक्स-रेत होतं तेवढंच राहिलं, कारण सुळा लांब गेला की झीज बहुधा थांबते. डाव्या सुळ्यावरची हिरडी उजव्यापेक्षा किंचित वर आहे, ती तशी राहील. अडकलेल्या सुळ्यात हे होऊ शकतं, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं.

यानंतरचा भाग सर्वात जास्त दुर्लक्षिला जातो. हिरडीतले धागे दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. वॉशिंग्टन विद्यापीठातले रॉबर्ट लिट्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिटेनर बंद झाल्यानंतर दहा वर्षांनी रुग्ण तपासले, तेव्हा खालचे पुढचे दात समाधानकारक रांगेत राहिलेले ३० टक्क्यांहून कमी निघाले. म्हणून मुलीच्या वरच्या दातांमागे बारीक तार कायमची चिकटवली आहे आणि रात्री घालायचा काढता-घालता रिटेनर दिला आहे. रात्रीचा रिटेनर किती वर्षं, या प्रश्नाला माझं उत्तर आहे: दात जिथे आहेत तिथेच हवे असतील तोवर. तो हरवतो लग्नाच्या पंगतीत. जेवताना कागदात गुंडाळून ठेवतात आणि तो पत्रावळीबरोबर जातो. डबी सोबत हवी. आणि गरम पाण्याने धुवू नये, प्लॅस्टिकचा आकार बिघडतो. अक्कलदाढा येताना पुढचे दात वाकडे करतात म्हणून त्या आधीच काढून टाका, असं बरेचजण सुचवतात. एवढ्याच कारणासाठी त्या काढण्याला पुरावा नाही.

धाकटा भाऊ

ताईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी दहा वर्षांचा भाऊ सोबत आला होता. घराण्यात चालणारी गोष्ट आहे म्हणून त्यालाही खुर्चीत बसवलं. नवव्या-दहाव्या वर्षी वरचा ओठ उचलून दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवर बोट फिरवलं तर दोन्ही बाजूंना कायमच्या सुळ्याचा टणक फुगवटा लागायला हवा. हे घरीही करून बघता येतं. एकाच बाजूला लागला, किंवा दहा पूर्ण होऊनही लागलाच नाही, तर दाखवावं. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना तर पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करायला सांगते. तपासणीला नेलं म्हणजे लगेच क्लिप लावतील असं नाही.

भावाला उजवीकडे लागला, डावीकडे नाही. ओपीजीत डावा सुळा थोडा झुकलेला होता, पण टोक मध्यरेषेच्या अलीकडेच होतं आणि जबड्यात जागा होती. त्याचा डावीकडचा दुधाचा सुळा त्याच आठवड्यात काढला. एक इंजेक्शन, पाच मिनिटं. या वेळी आजींनीच त्याचा हात धरला होता. वर्षाने पुन्हा ओपीजी काढला तेव्हा सुळा उभा झाला होता, आणि ताईची क्लिप निघाली त्या सुमारास तो तोंडात आला. त्याच्या खालच्या दातांत थोडी गर्दी आहे. त्यासाठी क्लिप लागेल की नाही ते सगळ्या कायमच्या उपदाढा आल्यावर ठरवू. शस्त्रक्रिया, साखळी आणि शेजारच्या मुळाची काळजी यातलं काही त्याच्या वाट्याला आलं नाही.